किसास, दिया आणि क्षमा

इराणच्या दंडविधानात हेतुपुरस्सर मनुष्यवधाच्या खटल्यात ‘किसास’, म्हणजे प्राणाबद्दल प्राण, मागण्याचा अखत्यार मृताच्या वारसांकडे असतो. त्यांनी ‘दिया’, म्हणजे रक्तमूल्य, स्वीकारले अथवा निरपेक्ष क्षमा केली, तर देहान्त टळतो, आणि म्हणूनच न्यायासनापुढील प्रश्न तेथील चित्रपटांत कुटुंबाच्या दिवाणखान्यात येऊन ठेपतो.

शहर-ए-झिबा (२००४) : असगर फरहादी यांच्या या चित्रपटात कन्येच्या वधाबद्दल पिता किसास मागतो, परंतु बळी स्त्री व गुन्हेगार पुरुष असल्याने, फाशीपूर्वी अर्ध्या दियेची रक्कम कायद्याने त्यालाच भरावी लागते.

अ सेपरेशन (२०११) : गर्भपाताच्या फिर्यादीत रकमेची तडजोड ठरलेली असता, गर्भपाताच्या कारणाविषयी मनात संशय उरलेली फिर्यादी रझिये कुराणावर शपथ घेण्यास नकार देते.

द सेल्समन (२०१६) : पत्नीवरील हल्ल्याची फिर्याद न नोंदवता अपराधी वृद्धाला त्याच्या कुटुंबादेखत उघडे पाडू पाहणारा इमाद, त्याला सोडून द्यावे म्हणणाऱ्या पत्नीलाच दुरावतो.

यल्दा (२०१९) : मसूद बख्शी यांची नायिका मरियम, पतीच्या वधाबद्दल मृत्युदंड झालेली, दूरचित्रवाणीच्या थेट प्रक्षेपणात त्याच्या कन्येकडे क्षमेची याचना करते.