मांडे : मनातले आणि खापरावरचे

‘मनातले मांडे’ असे आपण सहज म्हणतो. पण मनात लाडू किंवा पेढे न खाता मांडेच का? माझ्या मते, प्रत्यक्षातला मांडा भल्याभल्या सुगरणींनाही साधत नाही, म्हणून.

खानदेशात मांड्यात पुरण भरतात. कणीक इतकी सैल असते की लाटण्याचे काम फार चालत नाही. पोळी दोन्ही हातांवर खेळवत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायची. हात थबकला की फाटलीच! हे कृती लिहून घेऊन येत नाही. घरात मांडे करणारी आजी असेल, तर तिच्या शेजारी बसूनच शिकून घ्या. बेळगावच्या मांड्यात मात्र पिठीसाखर, खवा, तूप असते. भाजल्यावर तो गरम आहे तोवरच घडी घालतात, कारण निवला की कडक होतो.

हे पालथे खापर ध्यानात ठेवले म्हणजे मुक्ताबाईंची आख्यायिका उलगडते. विसोबांनी कुंभाराकडून खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्ताबाईंनी तीवर मांडे भाजले. सपाट तवा कल्पिला तर पाठच का, हे कळत नाही. खापर पाहिले की वाकलेल्या पाठीची कमान दिसते.

मांडा मराठी की कानडी, असे कोणी विचारलेच, तर ‘मानसोल्लास’ दाखवावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या या १२व्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात ‘मंडक’ आहे. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आणि भाषावार प्रांतरचना झाली १९५६ साली.