जर्मनीत शिक्षण : सार्वजनिक विद्यापीठ की खासगी?

बारावीचे आणि पदवी परीक्षांचे निकाल लागले की परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. गेल्या काही वर्षांत या मेळाव्यांमध्ये जर्मनीच्या नावाला विशेष वजन आले आहे. २०२२-२३च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वाधिक असून, तिने चिनी विद्यार्थ्यांनाही मागे टाकले आहे. 'तेथे शिक्षण मोफत असते' हे या ओढ्याचे प्रमुख कारण. मात्र मेळाव्यातून बाहेर पडणाऱ्या अनेक पालकांच्या हाती येते ते खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक, आणि त्यावरील शुल्काचा आकडा हजारो युरोंचा असतो. एकाच देशातील या दोन व्यवस्थांमधील फरक समजून न घेता घेतलेला निर्णय घराच्या पुंजीला महागात पडू शकतो.

'मोफत'चा नेमका अर्थ

जर्मनीत शिक्षण हा तेथील १६ राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. २००५ मध्ये घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर काही राज्यांनी सार्वजनिक विद्यापीठांत सत्राला ५०० युरोंपर्यंत शुल्क सुरू केले होते. मात्र जनमताच्या रेट्यापुढे ते एकेक करून मागे घेतले गेले आणि २०१४ मध्ये लोअर सॅक्सनी या शेवटच्या राज्यानेही ते रद्द केले.

तथापि, आज या सवलतीला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिक तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमानुसार सत्राला २,००० ते ६,००० युरो शुल्क लागू केले. इतर बहुतेक ठिकाणी केवळ सत्र-वर्गणी द्यावी लागते. ती साधारणतः काहीशे युरोंच्या आत असते आणि अनेकदा तिच्यातच स्थानिक बस-रेल्वेचा पास मिळतो.

राहण्याचा खर्च मात्र कोणालाच चुकत नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये आधीच ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, अशी ठरविण्यात आली. ही अट सार्वजनिक आणि खासगी या दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना सारखीच आहे. खासगी विद्यापीठाचे शुल्क, जे बहुधा वर्षाला १० हजार युरोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, ते याशिवाय. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी हा फरक किमान २० हजार युरोंवर जातो. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम निर्णायक ठरते.

खासगीकडे ओढा का?

असे असूनही विद्यार्थी खासगी विद्यापीठांकडे वळतात, त्यामागे कारणे आहेत. सार्वजनिक विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रम प्रामुख्याने जर्मन भाषेत चालतात. भारतीय बारावीनंतर तेथे थेट प्रवेश सहसा मिळत नाही. 'स्टुडिएनकोलेग' हे पूर्वतयारीचे वर्ष पूर्ण करणे किंवा भारतात पदवीच्या पहिल्या वर्षानंतर अर्ज करणे, हे त्यावरील नेहमीचे मार्ग आहेत. पदव्युत्तर स्तरावर इंग्रजी अभ्यासक्रम बरेच असले, तरी तेथे पदवीचे गुण आणि आधी शिकलेले विषय काटेकोरपणे पाहिले जातात.

प्रवेश मिळाल्यानंतरही शिस्त कडक असते. अनिवार्य विषयाच्या परीक्षेला अनेक ठिकाणी तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदा अपयश आल्यास नावनोंदणी रद्द होते आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत अन्यत्र करण्याचा मार्गही बहुधा बंद होतो. याउलट खासगी संस्थांत वर्ग लहान असतात, शिक्षण इंग्रजीत असते आणि उद्योगांशी संपर्क साधून देण्याची व्यवस्था असते. व्यवस्थापन शिक्षणात फालेंडार येथील 'डब्ल्यूएचयू' किंवा 'फ्रँकफर्ट स्कूल' यांसारख्या खासगी संस्थांचा लौकिक मोठा आहे. त्यामुळे खासगी म्हणजे दुय्यम, असे सरसकट म्हणता येत नाही.

मान्यता तपासणे आवश्यक

खासगी संस्थेच्या बाबतीत पहिला प्रश्न शासनमान्यतेचा असायला हवा. संस्थेला संबंधित राज्याची मान्यता आहे का, हे 'होखशूलकोम्पास' आणि 'अनाबिन' या जर्मन सूचींमध्ये विनामूल्य पाहता येते. काही संस्थांचे वर्ग जर्मनीत भरतात, पण पदवी दुसऱ्याच देशातील विद्यापीठाची असते. ही बाब माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दडलेली असू शकते.

दुसरा प्रश्न शिकविण्याच्या पद्धतीचा. अभ्यासक्रम मुख्यतः ऑनलाइन असेल, तर विद्यार्थी म्हणून निवास परवाना नाकारला जाऊ शकतो. बर्लिनमधील काही भारतीय विद्यार्थ्यांवर असा प्रसंग ओढवल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या होत्या. शुल्क भरलेले, कर्ज डोक्यावर आणि देश सोडण्याची वेळ, अशी ही कोंडी होती.

तिसरा प्रश्न सल्लागाराच्या हिताचा. विद्यार्थी मिळवून दिल्याबद्दल अनेक खासगी संस्था सल्लागारांना कमिशन देतात. सल्लागाराच्या यादीत केवळ खासगी नावे असतील, तर त्यामागील कारण विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.

अर्जाची वाट

मार्ग कोणताही असो, भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी 'एपीएस' प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. अनेक सार्वजनिक विद्यापीठांचे अर्ज 'युनि-असिस्ट'मार्फत स्वीकारले जातात. त्यासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात. म्हणजे मध्यस्थाविना चार-पाच सार्वजनिक विद्यापीठांत प्रयत्न करणे बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यातले आहे.

मान्यताप्राप्त संस्थेतून पदवी मिळाल्यानंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळू शकतो, मग ती संस्था सार्वजनिक असो वा खासगी. परंतु नोकरीच्या बाजारात जर्मन भाषा न येणाऱ्याची अडचण दोन्हीकडे सारखीच होते. पुण्या-मुंबईतील मॅक्स म्युलर भवनात भाषेसाठी घालविलेले वर्ष वाया गेले असे वाटू शकते. मात्र त्या वर्षाने सार्वजनिक विद्यापीठाचे दार उघडले, तर वाचणारे शुल्क भाषावर्गाच्या खर्चाच्या कितीतरी पट असते. म्हणूनच खासगी विद्यापीठाची निवड घाईपोटी नव्हे, तर सार्वजनिक पर्याय तपासून झाल्यावर व्हावी, हेच हिताचे.