पाणी फेकणारी गाडी

जुन्या मोटारींच्या शौकिनांना छळणारे एक दुखणे असे आहे की, ते पुष्कळदा दिसते तितके भयंकर नसते; क्वचित मात्र दिसते त्याहून कितीतरी अधिक भयंकर असते. गाडी थांबवताच रेडिएटरच्या नळीतून धार लागते आणि खाली थारोळे साचते. आपल्याकडील ड्रायव्हर याला ‘गाडी पाणी फेकते’ असे म्हणतात. ती ते का फेकते आणि त्यावर उपाय कोणता, याचा आज थोडक्यात विचार करू.

उदाहरणादाखल ‘एम. जी. बी.’ ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊ. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे ती १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती आणि अशा पाच लाखांवर गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. त्यांतील कित्येक आजही हौसेने चालवल्या जातात. तिचे १,७९८ घन सेंटिमीटरांचे ओतीव लोखंडी इंजिन पाच-साडेपाच लिटर पाण्यावर थंड राहते. नव्या गाड्यांत वाढलेले पाणी सामावण्यासाठी वेगळी टाकी असते. या गाडीच्या आरंभीच्या नमुन्यांत ती नाही. रेडिएटरच्या तोंडाशी असलेली बारीक नळी सरळ जमिनीकडे सोडलेली असते.

आता पदार्थविज्ञानातील साधी गोष्ट पाहा. पाणी २० अंशांवरून ९० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते. म्हणजे येथे जवळजवळ पेलाभर जागा अधिक लागते. मालकाने थंड गाडीत काठोकाठ पाणी भरले असेल, तर हे पेलाभर पाणी बाहेर पडणारच. दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेली पाहून तो पुन्हा काठोकाठ भरतो आणि गाडी पुन्हा ते फेकते. शिवाय इंजिन बंद होताच पंपही थांबतो, परंतु तापलेल्या लोखंडातील उष्णता पाण्यात उतरतच राहते. त्यामुळे काही मिनिटे पाण्याचे तपमान उलट वाढते. धावताना निमूट असणारी गाडी थांबल्यावर का वाहू लागते, याचे उत्तर यात आहे.

दुसरा संशयित म्हणजे रेडिएटरचे टोपण. त्याचे काम आपल्या प्रेशर कुकरच्या झाकणासारखे असते. दर चौरस इंचास दहा पौंडांचा जादा दाब राखला, तर समुद्रसपाटीवर पाणी १०० ऐवजी सुमारे ११५ अंशांवर उकळते. टोपणात दोन झडपा असतात: एक जादा दाब बाहेर सोडते, दुसरी इंजिन निवताना बाहेरून आत येऊ देते. स्प्रिंग सैल झाली, रबर चिरले किंवा टोपणाची खोली रेडिएटरच्या गळ्याशी जुळली नाही, तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. यावर अधिक दाबाचे टोपण बसवणे हा उपाय नव्हे. जुन्या नळ्या त्याने फुटतात. तक्रार न सोडवता तक्रारवहीलाच कुलूप लावण्यासारखे ते आहे!

खरी दुरुस्ती स्वस्त आहे. गाडीला नेमून दिलेल्या दाबाचे नवे टोपण घ्यावे. मात्र त्याच्या वरच्या कडेलाही रबराची चकती हवी. जमिनीकडे जाणारी नळी एका बाटलीत सोडावी. तिचे टोक बाटलीच्या तळाशी, सदैव पाण्यात बुडालेले असावे आणि बाटलीला हवेसाठी छिद्र असावे. इंजिन तापले की जादा पाणी बाटलीत येते. निवले की तेच परत ओढले जाते. टोक उघडे राहिले किंवा चकती सैल असली, तर पाण्याऐवजी हवा आत शिरते आणि बाटली भरतच राहते.

एवढे करूनही, तपमानाचा काटा योग्य जागी असताना बाटली भराभरा भरून वाहू लागली, तर मात्र सावध व्हावे. अशा वेळी हेड गॅस्केट फुटून जळक्या वायूंचा दाब पाण्यात शिरत असण्याचा संभव असतो. थंड इंजिन टोपण काढून सुरू केल्यावर बुडबुडे सतत येत राहिले, तर संशय बळावतो. रेडिएटरच्या तोंडावरील वायू एका निळ्या द्रवातून ओढून घेण्याची परीक्षाही आहे. द्रव पिवळा झाला की शंका उरत नाही. मग गाडी चालवत राहणे म्हणजे इंजिन गमावण्याची तयारी करणे होय.

क्रम एवढाच ध्यानी ठेवावा: आधी पातळी, मग टोपण, नंतर पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर, आणि सरतेशेवटी इंजिन उघडणे. पहिल्या दोन गोष्टी न पाहताच इंजिन खोलणारा मालक पैसा व्यर्थ घालवतो. आणि एक पथ्य कधीही मोडू नये. तापलेल्या गाडीचे टोपण उघडू नका. दाब सुटताच शंभर अंशांवरचे पाणी क्षणात उकळून वाफेसह उसळते आणि तोंड व हात भाजून काढते. अर्धा-पाऊण तास थांबावे. नळी हाताला गार लागली की मगच, जाड फडका धरून, टोपणाला हात घालावा. जुन्या यंत्राची हौस ज्याला आहे, त्याला हा धीर धरायलाच हवा.