रिपोर्ट आहे, पण कुठे?

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयातली छातीविकारांची ओपीडी. बाकावर कोकणातून रात्रीच्या एसटीने आलेले साठी ओलांडलेले गृहस्थ आणि त्यांचा थोरला मुलगा. आठवड्यापूर्वी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात ८ मिलिमीटरची एक गाठ दिसली आहे. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हाही छातीचा स्कॅन झाला होता. डॉक्टरांना हवा आहे तो जुना स्कॅन.

‘आहे ना सर, पेन ड्राइव्हवर घेऊनच आलोय,’ मुलगा म्हणतो.

पेन ड्राइव्ह लावला जातो. त्यात ‘बाबा सीटी’ नावाचे एक चित्र दिसते. त्यावर दोनदा क्लिक केले की पडद्यावर सूचना येते : अशी फाइल सापडत नाही. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. मुलगा गोंधळतो. घरच्या कंप्युटरवर हेच चित्र दाबले की स्कॅन उघडतो, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. डॉक्टर फाइलचा आकार बघतात. २ केबी. ज्या तपासणीच्या प्रतिमा शंभर-दीडशे एमबीच्या घरात असायला हव्यात, तिच्या जागी जेमतेम एक चिठ्ठी.

आणि ती खरोखर चिठ्ठीच होती. कंप्युटरच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असलेली चित्रे म्हणजे ‘शॉर्टकट’. त्यात फाइल नसते, फाइलचा पत्ता असतो : अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर, त्यातली ही फाइल. घरच्या कंप्युटरवर त्या पत्त्यावर खरोखर काहीतरी होते. मुंबईतल्या कंप्युटरवर त्या पत्त्यावर काहीच नव्हते. लग्नाला जाताना अहेराऐवजी ‘अहेर घरी कपाटात दुसऱ्या कप्प्यात आहे’ असा कागद खिशात घालून नेण्यासारखे हे झाले. मुलाची चूक म्हणावी तर तीही नाही. पडद्यावर खरी फाइल आणि तिचा पत्ता जवळजवळ सारखेच दिसतात. ही रचना ज्यांनी केली त्यांनी कोपऱ्यातल्या बाणावर जरा जास्तच भरवसा ठेवला.

जुन्या स्कॅनसाठी एवढा आग्रह का, तेही सांगायला हवे. फुफ्फुसातली भरीव गाठ दोन वर्षांत अजिबात वाढलेली नसेल, तर ती कर्करोगाची नसण्याची शक्यता खूप मोठी असते. मग बहुधा पुढे काही करावे लागत नाही. तीच गाठ दोन वर्षांपूर्वी नव्हती किंवा लहान होती असे कळले, तर सुई घालून तुकडा काढण्याची तपासणी लांबवता येत नाही. त्या तपासणीत फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर येण्याचा धोका असतो. म्हणजे एका माणसाच्या छातीत सुई जाणार की नाही, हे २ केबीच्या चिठ्ठीतला पत्ता लागतो की नाही यावर येऊन ठेपते.

कंप्युटरला कुठलीही वस्तू द्यायची तर तो आधी तिचे ठिकाण शोधतो. आपण देतो ते नाव. त्या नावावरून नेमकी फाइल किंवा इंटरनेटवरचे नेमके पान गाठायचे, हे काम पडद्यामागे सतत चालू असते. ते बिनबोभाट होते तोवर त्याची कुणाला जाणीवही नसते.

पत्ते दोन प्रकारे सांगता येतात. एक पूर्ण पत्ता : पिनकोडपासून खोली क्रमांकापर्यंत. दुसरा जवळचा पत्ता : ‘इथून पुढे तिसरे घर, विहिरीला लागून’. पूर्ण पत्ता स्पष्ट असतो, पण मुक्काम हलला की निरुपयोगी ठरतो. पेन ड्राइव्ह एका कंप्युटरवर ‘ई’ ड्राइव्ह असतो, दुसऱ्यावर ‘एफ’. त्यामुळे ‘ई ड्राइव्हमधली फाइल’ असे लिहून ठेवलेला कार्यक्रम दुसरीकडे अडतो. जवळचा पत्ता मात्र सगळे गाव उचलून दुसरीकडे नेले तरी चालतो. विहीर आणि घर दोन्ही सोबत नेले, एवढीच अट.

स्कॅन सेंटरमधून मिळणारी सीडी नेमकी या दुसऱ्या पद्धतीवर चालते. वैद्यकीय प्रतिमांसाठी ‘डायकॉम’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८५ ची; डायकॉम हे नाव आणि आजचे रूप १९९३ पासूनचे. या मानकाप्रमाणे सीडीवर ‘डायकॉमडिर’ नावाची एक फाइल असते. ती म्हणजे त्या सीडीची अनुक्रमणिका : रुग्ण कोण, तपासणी कोणती, तिच्यात प्रतिमांचे संच किती आणि प्रत्येक प्रतिमा कुठल्या फोल्डरमध्ये आहे. हे सगळे पत्ते सीडीच्या आतल्या आत मोजलेले असतात. म्हणून ती सीडी रत्नागिरीत उघडते, मुंबईत उघडते आणि लंडनमध्येही उघडते.

पण फोल्डरची नावे कुणी बदलली की अनुक्रमणिका फसते. आत अर्थ न लागणारी अक्षरे-आकड्यांची नावे दिसली की ‘जरा नीटनेटके करू’ म्हणून ती बदलण्याचा मोह होतो. मानकानुसार या नावांतला प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त आठ अक्षरांचा आणि तोही रोमन मोठ्या लिपीतली अक्षरे, आकडे आणि खालची रेघ एवढ्यातच बसवलेला असतो. नावे इतकी कोरडी दिसतात ती त्यामुळे. कुठल्याही जुन्या-नव्या यंत्राला ती वाचता यावीत म्हणून हा कंजूषपणा. त्यांना हात न लावता सगळे फोल्डर जसेच्या तसे उचलणे हाच शहाणपणा.

काही जण आणखी पुढे जातात आणि फक्त ‘बरे दिसणारे’ चार फोटो मोबाइलमध्ये काढून आणतात. त्याचा उपयोग फार थोडा. सीटीच्या खऱ्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्यामागे घनतेचे मोजमाप असते. त्यावरून गाठीत चुना आहे की चरबी, हे समजते आणि लांबी-रुंदी मोजता येते. पडद्याच्या फोटोत यातले काहीच उरत नाही, आणि तो फोटो कुणाचा हेही उरत नाही.

हा ‘कुणाचा’चा प्रश्न डायकॉम बनवणाऱ्यांनी वेगळ्या रीतीने सोडवला. प्रत्येक प्रतिमेच्या पोटातच रुग्णाचे नाव, तारीख आणि एक लांबलचक ओळखक्रमांक लिहिलेला असतो. आकडे आणि टिंबे मिळून जास्तीत जास्त ६४ चिन्हांचा. यंत्र बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला सुरुवातीचे आकडे नेमून दिलेले असतात. पुढचे आकडे ती कंपनी आणि ते यंत्र अशा रीतीने देतात की जगात दोन प्रतिमांना एक क्रमांक मिळू नये. या क्रमांकात ‘कुठे’ हे सांगितलेले नसते, फक्त ‘कोणती’ हे सांगितलेले असते. नाव आणि ठिकाण यांची ही फारकत मोठ्या उपयोगाची आहे. मोठ्या रुग्णालयात प्रतिमा साठवणारी जी यंत्रणा असते तिला पॅक्स म्हणतात. तिच्याकडे एक तक्ता असतो : हा क्रमांक, या डिस्कवर, या जागी. डिस्क भरली, प्रतिमा दुसरीकडे हलवल्या, तर तक्त्यातली ‘जागा’ बदलायची. क्रमांक तोच राहतो. वॉर्डातल्या डॉक्टरला यातले काही कळत नाही, कळायची गरजही नसते. आणि अनुक्रमणिका हरवली तरी चांगले सॉफ्टवेअर एकेक फाइल उघडून, आतली ओळख वाचून, सगळी तपासणी पुन्हा जुळवू शकते.

आता सीडीही मागे पडत चालली आहे. लॅबकडून मोबाइलवर एक लिंक येते. ही लिंक म्हणजेही पत्ता, फक्त इंटरनेटवरचा. तिच्या सुरुवातीला बोलण्याची पद्धत, मग कुठले यंत्र, मग त्या यंत्राकडे मागायची वस्तू असा क्रम असतो. यंत्राचे नाव माणसांसाठी असते. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी मांडलेली ‘डीएनएस’ ही व्यवस्था त्या नावावरून यंत्राचा आकडी पत्ता शोधून देते. त्याआधी सगळ्या नावांची एकच यादी अमेरिकेत एका संस्थेत हाताने ठेवली जाई आणि सगळे तीच उतरवून घेत. (जाता जाता : देवनागरीत नाव दिलेली फाइल लिंकमध्ये गेली की एकेका अक्षराचे नऊ चिन्हांत रूपांतर होते. ‘रक्ततपासणी’ नावाच्या फाइलची लिंक दीड वीत लांब आणि अगम्य का दिसते, ते यावरून कळेल.)

लिंक उघडली नाही तर कोणती सूचना येते ते वाचण्यासारखे असते. ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणजे इमारतच सापडली नाही. कधी आपले नेट बंद असते, कधी त्या लॅबने ते नावच सोडून दिलेले असते. ‘४०४’ म्हणजे इमारत सापडली, पहारेकरी भेटला, पण या नावाची वस्तू आपल्याकडे नाही असे तो म्हणाला. तिसरा प्रकार ‘मुदत संपली’ असा. हा दोष नव्हे. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला रिपोर्ट उघडता येऊ नये म्हणून अनेक ठिकाणी ती काही दिवसांनी मुद्दाम बंद केली जाते. पण रुग्णाला वाटते की रिपोर्ट मोबाइलमध्ये आहे. मोबाइलमध्ये असतो तो मेसेज.

‘सापडत नाही’ ही सूचना निदान प्रामाणिक असते. खरी भीती चुकीची वस्तू निमूटपणे उघडण्याची. बऱ्याच लॅब प्रत्येक फाइलला ‘रिपोर्ट’ एवढेच नाव देतात. मोबाइलमध्ये एक ‘रिपोर्ट’ आधीच असेल, तर दुसऱ्यापुढे कंसात १ लागतो, तिसऱ्यापुढे २. घाईघाईत उघडला जातो तो पहिला, म्हणजे सर्वांत जुना. मार्चमधले क्रिएटिनिन ऑगस्टमध्ये दाखवले जाते आणि मूत्रपिंड ठीक आहे असे समजून औषधाचा डोस ठरतो. एका कुटुंबाच्या एकाच मोबाइलवर सासऱ्यांचा आणि सुनेचा रिपोर्ट येत असेल तर गुंता आणखी वाढतो. म्हणून फाइल उघडल्यावर आतले नाव आणि तारीख वाचण्याआधी आकडा वाचू नये. चांगले डॉक्टर हे न चुकता करतात, रुग्णांनीही करावे.

वेबवरचे पत्ते किती अल्पायुषी असतात याचा अंदाज प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधल्या पाहणीवरून येतो : २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. वैद्यकीय नियतकालिकांना हा त्रास लवकर जाणवला, कारण एका शोधनिबंधाचा आधार दुसऱ्यात असतो. त्यांनी ‘डीओआय’ क्रमांकाचा आधार घेतला. प्रत्येक निबंधाला १० या आकड्याने सुरू होणारा क्रमांक मिळतो. नियतकालिक विकले गेले, वेबसाइट बदलली, तर प्रकाशकाने मध्यवर्ती तक्त्यात नवी जागा नोंदवायची. तत्त्व डायकॉमचेच. फरक एवढा की हा तक्ता सगळ्या जगासाठी खुला आहे.

आपल्याकडच्या ‘आभा’ क्रमांकाबद्दलही असाच एक गैरसमज दिसतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशभर सुरुवात सप्टेंबर २०२१ मध्ये झाली, आणि १४ आकडी आभा क्रमांक काढला म्हणजे आपले सगळे रिपोर्ट सरकारकडे जमा झाले असे अनेकांना वाटते. तसे नाही. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो. आभाशी जोडली जाते ती त्याची नोंद; रुग्णाने संमती दिली की तिच्यावरून मूळ ठिकाणाकडे रिपोर्ट मागितला जातो. ज्या केंद्राने नोंद जोडलीच नाही, तिथला रिपोर्ट आभामध्ये दिसणार नाही. रचना चांगली आहे, कारण सगळ्यांची सगळी माहिती एका जागी साचत नाही. पण तालुक्याच्या गावातले स्कॅन सेंटर उद्या बंद पडले तर पत्त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण असेल, हा प्रश्न उरतोच. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. फुफ्फुसातल्या गाठीचा हिशेब कधीकधी त्याहून लांबतो.

ओपीडीतल्या त्या मुलाने तिथूनच गावी धाकट्या भावाला फोन लावला. चित्रावर उजवे बटण दाबायचे, ‘फाइल कुठे आहे’ ते उघडायचे, तिथला सगळा फोल्डर उचलायचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कंप्युटरवर उघडून बघायचा. एवढे समजावताना त्याला तीनदा आवाज चढवावा लागला. बायोप्सीची तारीख डॉक्टरांनी आठवडाभर पुढे ढकलली.

पुढच्या आठवड्यात मुंबईला येणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती दुसरा पेन ड्राइव्ह आला. आकार १६० एमबी. आधी व्हायरसची तपासणी, मग आतले नाव आणि तारीख, मग दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी. दोन वर्षांपूर्वीची गाठ त्याच जागी, तेवढीच, ८ मिलिमीटरची. ‘काका, सुई घालायची गरज नाही,’ डॉक्टरांनी सांगितले, आणि पेन ड्राइव्ह परत देण्याआधी जुना स्कॅन रुग्णालयाच्या पॅक्सवर त्यांच्या केसपेपरच्या क्रमांकाखाली चढवून घ्यायला सांगितला.