निजामकाळाच्या दप्तरातील कुळाचा माग

इंग्लंडमध्ये १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील वस्तीला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवणे बंधनकारक झाले, आणि त्या वहीत गुंठाभर जमीन नसलेल्या मजुराचेही नाव चढत असल्याने तेथील सामान्य घराण्यांनाही आपला वंश काही शतके मागे नेता येतो. नांदेड-लातूरकडे अशी वही नाही. येथे पूर्वजांचा माग काढायचा तो मुख्यतः महसुली दप्तरातून, आणि हे दप्तर शेतसाऱ्यासाठी लिहिलेले असल्यामुळे माणूस त्यात जमिनीच्या निमित्तानेच येतो.

शोध बहुधा खासरा पाहणी पत्रकापासून सुरू होतो. हैदराबाद राज्यात १९५४-५५ मध्ये तयार झालेल्या या पत्रकात सर्व्हे नंबर, क्षेत्र, पट्टेदार, म्हणजे सरकारदरबारी ज्याच्या नावे जमीन आहे तो, आणि ती प्रत्यक्ष कसणारा यांच्या नोंदी असतात. ही दोन नावे वेगळी निघाली, तर मधल्या काळात वाटणी झाली की जमीन बटईने दिली, हे फेरफारावरून ताडून पाहावे लागते. त्याहून मागे गेल्यास उर्दू व मोडी वाचणारा जाणकार गाठावा लागतो आणि साल फसली, म्हणजे महसुली गणनेचे, असते. हैदराबादी फसली सालात ५९० मिळवले की इसवी साल निघते, मात्र ते वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीस बदलत असल्याने सप्टेंबर १९४८ मधील पोलीस ॲक्शन, म्हणजे भारताची हैदराबादवरील लष्करी कारवाईही १३५७ फसलीतच मोडते.

कागद कोणत्या जिल्ह्याचा, हा प्रश्न त्याहून किचकट आहे. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, तर किनवट आदिलाबादमध्ये होते. उलट मुधोळ, भैंसा हा भाग नांदेडमधून पलीकडे गेला, आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तोच मुळी १९८२ साली. त्यामुळे आजच्या जिल्ह्याचे नाव घेऊन दप्तर धुंडाळणारा पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो.

गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यू नोंदवही, आणि शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही यांत जातीचाही उल्लेख सापडतो. त्यामुळेच २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यावर या वह्यांवरची धूळ झटकली गेली. शाळेतील जन्मतारखेवर मात्र भिस्त ठेवू नये, कारण मास्तरांनी अंदाजाने घातलेली १ जून ही तारीख एकाच पानावर कित्येकांच्या वाट्याला आलेली दिसते.

भूमिहीनांसाठी आणि स्त्रियांसाठी दोन वाटा उरतात. त्र्यंबकेश्वर, पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत यात्रेकरूचे गाव, त्याचे वाडवडील, भाऊ आणि मुले यांची नावे असतात, अर्थात ज्यांना यात्रा परवडली आणि ज्यांची नोंद उपाध्यायांनी घेतली त्यांचीच. दुसरी वाट १९५१ च्या जनगणनेवरून तयार झालेल्या नागरिकांच्या राष्ट्रीय रजिस्टरची. ते घरनिहाय असल्यामुळे, जेथे टिकले आहे तेथे, सालगडी आणि त्याची बायकोही वयासह सापडू शकतात.