निद्रेचें ऋण

‘लवकर निजे, लवकर उठे’ ही म्हण ऐकिली नाहीं असा विद्यार्थी सांपडणें कठीण. परंतु घराघरांतून पाहिलें तर या म्हणीचा उत्तरार्ध तेवढा पाळला जातो. पूर्वार्धाची आठवण क्वचितच होते. परीक्षा जवळ आली कीं मुलास पहांटे चार वाजतां हलवून उठविणारे आईबाप पुष्कळ. पण त्यानें रात्रीं वेळेवर पुस्तक मिटून निजावें असा आग्रह धरणारे थोडे. जागरण म्हणजे उद्योग आणि झोंप म्हणजे आळस, अशी समजूत आपल्या मनांत घट्ट रुजली आहे. ती कितपत खरी आहे, झोंप अपुरी कां पडते व त्याचे परिणाम काय होतात, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांची दृष्टि निराळी होती. चरकसंहितेंत शरीरास धारण करणारे तीन उपस्तंभ सांगितले आहेत: आहार, निद्रा व ब्रह्मचर्य. निद्रेला येथें अन्नाच्याच पंक्तीस बसविलें आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. उपाशी मुलाकडून कोणी पाठांतराची अपेक्षा करीत नाहीं. अर्धवट झोंप झालेल्या मुलाकडून मात्र आपण ती खुशाल करतों.

झोंप येते कशी, हें प्रथम पाहूं. आपण जागे असतां मेंदूंत अ‍ॅडेनोसिन नांवाचें एक द्रव्य सांचत जातें. जों जों तें वाढतें, तों तों डोळे जड होतात. निजल्यावर तें पुनः ओसरतें. याशिवाय शरीरांत एक घड्याळ आहे. मेंदूंतील एक सूक्ष्म केंद्र डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून दिवस व रात्र ओळखतें. अंधार पडला म्हणजे मेंदूंतील एका लहानशा ग्रंथींतून मेलाटोनिन नांवाचा रस रक्तांत मिसळूं लागतो, आणि रात्र झाल्याची वर्दी सर्व शरीरास मिळते. पेशींतील या घड्याळाची रचना उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

इतकें समजलें म्हणजे अपुऱ्या झोंपेचीं बरींचशीं कारणें आपोआप कळतात. पहिलें कारण उजेड. १८७९ सालीं एडिसननें विजेचा दिवा यशस्वी केला, आणि पुढें रात्र हळूहळू मनुष्याच्या स्वाधीन झाली. आतां तर मोबाइलच्या रूपानें तो उजेड अंथरुणापर्यंत येऊन पोंचला आहे. निजावयाच्या वेळीं डोळ्यांपुढें प्रकाश असला कीं शरीराचें घड्याळ फसतें आणि मेलाटोनिनची वर्दी लांबते. दुसरें कारण चहा व कॉफी. त्यांतील कॅफीन मेंदूंत अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतें. त्यानें थकवा जात नाहीं. थकव्याची हांक मात्र ऐकूं येईनाशी होते.

तिसरें कारण वयाचें आहे. वयांत येणाऱ्या मुलांमुलींचें हें घड्याळ स्वभावतःच थोडें मागें पडतें, म्हणून त्यांस रात्रीं झोंप उशिरां येते. हा सर्वस्वी त्यांचा हट्ट नव्हे. पण दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांची सकाळची घंटा सातच्या सुमारास होते, आणि झोंपेच्या दोन्ही बाजू कातरल्या जातात. हें जाणून कॅलिफोर्निया संस्थानानें १ जुलै २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळा सकाळीं साडेआठाच्या आंत भरवूं नयेत असा कायदा लागू केला. महाराष्ट्र शासनानेंही फेब्रुवारी २०२४ मध्यें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असा आदेश काढला. वरच्या वर्गांतील मुलांचा प्रश्न मात्र त्यानें सुटला नाहीं.

चौथें कारण परिस्थितीचें. एकाच खोलींत सारें कुटुंब राहतें, कर्ता पुरुष रात्रीं दहाला कामावरून परततो, मग जेवणें होतात. अशा घरांत मुलानें नऊला निजावें म्हणणें सोपें, करणें अवघड. आणि एक कारण आजाराचें: जें मूल रोज मोठ्यानें घोरतें व तोंडानें श्वास घेतें, त्याच्या घशांतील गांठी वाढून झोंप वारंवार मोडत असण्याचा संभव आहे. त्यास वैद्यास दाखविणें हेंच उत्तम.

आतां परिणामांकडे वळूं. १९२४ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेंकिन्स व डॅलनबाख यांनीं दोन विद्यार्थ्यांकडून अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करवून घेतल्या. पाठ केल्यावर ते निजले असतां त्यांस जितकें आठवे, त्याहून तेवढाच वेळ जागे राहिल्यावर फार कमी आठवे. पुढील संशोधनानेंही हेंच दाखविलें आहे कीं दिवसा शिकलेलें ज्ञान मेंदूंत पक्कें बसविण्याचें काम निद्रेंत चालतें. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणारा विद्यार्थी पेरणी करून पाणी देण्याच्या वेळींच मोट थांबवितो.

जागरणाची पराकाष्ठा पाहावयाची असेल, तर १९६३ च्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील रँडी गार्डनर या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलानें केलेला प्रयोग पाहावा. शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठीं तो सुमारें २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, जागा राहिला. अखेरच्या दिवशीं त्यास शंभरांतून सात सात वजा करीत जाण्यास सांगितलें. तो पासष्टापर्यंत आला आणि थांबला. कां थांबलास, असें विचारतां तो म्हणाला कीं आपण काय करीत होतों तेंच विसरलों. हा प्रयोग कोणीं करून पाहण्यासारखा नाहीं. पुढें गिनेस बुकानेंही धोका ओळखून अशा विक्रमांची नोंद घेणें बंद केलें.

पण इतकें जागरण कोण करतो, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर अधिक चिंताजनक आहे. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांत झालेल्या एका परीक्षणांत असें दिसलें कीं सतत सतरा तास जागलेल्या मनुष्याच्या हातांत व डोळ्यांत जी शिथिलता येते, ती शंभर मिलिलिटर रक्तांत पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या मनुष्यासारखी असते. आपल्या देशांत वाहन चालविणाऱ्यास कायद्यानें तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे. १९९९ सालीं शिकागो येथें अकरा निरोगी तरुणांस सहा रात्रीं केवळ चार चार तास अंथरुणांत राहूं दिलें, तों त्यांच्या रक्तांतील साखर आवरण्याची शक्ति मंदावली. आणि २००३ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत प्रौढांस चौदा रात्रीं सहा सहा तासच झोंप घेऊं दिली, तेव्हां त्यांचें अवधान जवळ जवळ दोन रात्रीं मुळींच न निजलेल्या मनुष्याइतकें ढळलें. यांतील विशेष हा कीं आपणांस थोडीशीच सुस्ती आली आहे, असें त्यांस वाटत होतें.

निद्रेच्या ऋणाचा खरा धोका हाच होय. सावकाराचें कर्ज वाढलें तर कर्जदाराची झोंप उडते. हें कर्ज वाढतें तेव्हां कर्जदारास त्याचा पत्ताही नसतो. तो चिडतो, गणितांत हातचा विसरतो, वर्गांत ऐकतो पण त्याच्या ध्यानांत राहत नाहीं; आणि मग ‘मूल निष्काळजी झालें’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. रविवारीं दुपारपर्यंत निजून हें ऋण पुरतें फिटत नाहीं. उलट घड्याळ बिघडून सोमवारची सकाळ अधिकच जड जाते.

मग किती झोंप घ्यावी? निद्राशास्त्राच्या अमेरिकन संस्थेनें २०१६ सालीं सांगितलें कीं सहा ते बारा वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोंप हवी. विद्यार्थिमित्रांनो, हा हिशेब आपला आपणच मांडून पाहा. चौदा वर्षांच्या मुलास सकाळीं सहाला उठावयाचें असेल, तर रात्रीं दहाला त्याचा डोळा लागलेला असला पाहिजे; आणि त्याचा अकरा वर्षांचा धाकटा भाऊ नऊलाच निजलेला असला पाहिजे. त्यासाठीं तुमच्या हातीं आहे तेवढें करा: सायंकाळनंतर चहा नको, मोबाइल उशाशीं नको, आणि निजण्या-उठण्याची वेळ सुट्टींतही फारशी बदलावयाची नाहीं.

बाकीचें मात्र पालकांच्या हातीं आहे. घरांतील दिवा केव्हां मालवावा, दूरदर्शन केव्हां बंद व्हावें, शिकवणीची वेळ कोणती असावी, हें मूल ठरवीत नाहीं. रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या नियमांनीं मनाई आहे. तिची आठवण आपल्या आळींत करून देणें हेंही मोठ्यांचेंच काम. पुस्तकें, शुल्क, गणवेष यांसाठीं आईबाप केवढी झीज सोसतात! त्यांच्या जोडीला मुलास एक तासाची अधिक झोंप दिली, तर तिला पैसा पडत नाहीं, आणि बाकीच्या साऱ्या खर्चाचें चीज होतें.