शाळेची परसबाग आणि मे महिना

"मुलांना काय माळीकाम शिकायला पाठवलंय शाळेत?" रत्नागिरीजवळच्या ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आमच्या महिला मंडळाच्या बायका जातात, तिथल्या पालकसभेत एका आईने हे फणकाऱ्याने विचारलं. मला तिचा राग आला नाही. जन्मभर दुसऱ्याच्या बागेत राबलेल्या बाईला लेकीच्या हातात कुदळ बघवत नाही, यात नवल ते काय?

तिला उत्तर द्यायचं तर बागेत अभ्यास दिसायला हवा. तो दिसतोही. पडवळीचा वेल आठवड्यात किती वाढला ते मुलं दोऱ्याने मोजतात आणि वहीत आलेख काढतात. भोपळ्याला फुलं भरपूर, पण फळ धरेना. मग बाईंनी नर फूल कुठलं, मादी फूल कुठलं ते दाखवलं. सततच्या पावसात मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून मुलांनी नर फुलाचा पराग मादी फुलाला स्वतः लावला. परागीभवन हा शब्द आता त्यांना पाठ करावा लागत नाही!

हे खूळ आजचं नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शाळाच कुरणावर नेली. आपल्या जिल्ह्यात चिखलगावला राजा आणि रेणू दांडेकर यांच्या शाळेत हातकामाला अभ्यासात मान आहे. २०१९ मध्ये तर केंद्र सरकारनेच शाळांतल्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. भाजी मुलांच्याच दुपारच्या जेवणात जावी, हा हेतू.

पण सरकारी कागदाला कोकणातला मे महिना कुठे ठाऊक! आमच्याकडे वीतभर मातीखाली जांभा लागतो. जूनमध्ये शाळा आणि पाऊस बरोबरच सुरू होतात, त्यामुळे गणपतीपर्यंत शिराळी, पडवळ, काकडीची चंगळ. दिवाळीनंतर मुळा, लाल माठ, वाल. पुढे विहीर तळाला जाते, शाळेला सुट्टी लागते, आणि जूनमध्ये मुलं परततात तेव्हा वाफ्यात नुसत्या काटक्या. (स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुंड्या आणून मांडलेल्या बागाही मी पाहिल्यात. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.)

शेजारच्या बायकांनी पाळीपाळीने पाणी घालावं, असं कुणीतरी सुचवलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. मे महिन्यात ज्या बाईला घरच्या हंड्यासाठी पायपीट करावी लागते, तिच्यावर आणखी शाळेची बागही घालायची? त्यापेक्षा लागवडच बदलावी. शेवगा एकदा रुजला की उन्हाळा काढतो. अळूचे कंद मातीत निजून राहतात आणि पहिल्या पावसाला आपणहून फुटतात. मुलं हात-ताटं धुतात ते पाणी केळीला वळवावं. आणि वेलभाज्यांचं बी राखावं.

बी राखण्याचं शास्त्र आपल्या आज्यांकडे आहे. गेल्या वर्षी दोन आज्यांना शाळेत बोलावलं. वेलावरच जून होऊ दिलेल्या फळाचं बी कसं काढायचं, सावलीत वाळवून राखेत कसं घोळायचं, हे त्यांनी करून दाखवलं. सुट्टी लागताना प्रत्येक मुलाने नावाची चिठ्ठी लावून एकेक बाटली घरी नेली. जूनमध्ये बहुतेक बाटल्या परत आल्या. दोघांनी मात्र भोपळ्याचं बी भाजून खाल्लं होतं.